दंडतालाचा चषक झाला

मित्रांनो, काचेच्या कपाटातला हा सोनेरी चषक पाहून फसू नका. मी एक जुना दंडताल आहे. कमरेपर्यंत येणारी लोखंडी सळई आणि तिच्यावर मारायला घोड्याच्या नालेसारखा एक तुकडा, एवढाच माझा संसार. ढोलक आणि पेटीच्या मध्ये उभे राहून भजनाला ताल देणे हे माझे काम होते.

माझा जन्म फिजीतल्या बा गावी झाला. मोडीत निघालेल्या एका ऊसगाडीचा दांडा, मला जन्मभर वाजवणाऱ्या बिसुनदेवच्या वडिलांनी, साखर गिरणीच्या लोहाराकडून तापवून सरळ करून घेतला. लोहाराने मला ठोकून पाहिले, तेव्हा गिरणीच्या गोंगाटातही माझा आवाज फाटकापर्यंत गेला म्हणे. मी फुशारकी मारतो आहे असे वाटेल. मारू द्या, आता दुसरे काय उरले आहे?

दर मंगळवारी कुणाच्या तरी ओसरीवर मंडळी जमायची. लाकडी परातीत नगोना, म्हणजे मुळ्या कुटून केलेले गुंगीचे पेय, कालवलेले असायचे, नारळाची करवंटी हातोहात फिरायची आणि बिसुनदेवचा हात माझ्यावर चालायचा. तो मला आवळून कधीच धरत नसे. दोन बोटांचा सैल आधार, बूड जमिनीला जेमतेम टेकलेले. आम्हा लोखंडाला मोकळे ठेवले तरच कंठ फुटतो.

पुढे उसाच्या शेतांचे भाडेपट्टे संपले आणि जमिनी हातच्या गेल्या. ढोलकवाला ऑकलंडला गेला, पेटीवाला ब्रिस्बेनला. बिसुनदेवचा मुलगाही तिकडेच टॅक्सी चालवू लागला. त्याला टॅक्सी येत होती, ताल येत नव्हता. ओसरीवर माणसे कमी आणि चटया जास्त झाल्या. आपल्यामागे हा ताल धरणारा एकही हात नसेल, या विचाराने म्हाताऱ्याची झोप उडाली. माझीही उडाली असती, पण आम्हाला झोपच नसते.

त्याची नात शलेश्नी तेव्हा लौतोकाला नर्सिंग शिकत होती. तिच्या कॉलेजातले भारतीय विद्यार्थी मंडळ दरवर्षी दिवाळीचा मोठा कार्यक्रम करायचे.

"आजा, इथं एकटे ठोकत बसता, त्यापेक्षा कॉलेजात चला. पोरं शिकतील," ती म्हणाली.

"शिकतील की टिंगल करतील?"

"आधी टिंगल करतील, मग शिकतील. मी नाही का शिकले?"

"तू कधी शिकलीस? तू वाजवायला लागलीस की शेजारची कुत्री पळतात."

तरी तो निघाला. बसमध्ये मला मांडीवर आडवे घेऊन बसला. कॉलेजात मंडळाचा अध्यक्ष रोनील पहिल्यांदा पुढे आला. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा मुलगा. त्याने मला मुठीत करकचून धरले.

"अरे, बायकोचा हात धरतोयस की मुंगूस पकडतोयस?" बिसुनदेव म्हणाला.

"आजा, माझं लग्न कुठं झालंय अजून!"

"असा धरशील तर होणारही नाही."

पोरे खो खो हसली. मग खरोखरच शिकली. त्या दिवाळीला त्यांनी माझ्या तालावर एक भजन म्हटले. दोनदा चुकली, पण म्हटले. परतीच्या बसमध्ये बिसुनदेव ड्रायव्हरलाही सांगत होता, "आता मला काळजी नाही रे." त्याला इतके आनंदात मी त्यानंतर पाहिले नाही.

शलेश्नीला ब्रिस्बेनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि ती गेली. कॉलेजात नाचाच्या स्पर्धेला ऊत आला. सरावासाठी हॉल हवा होता, म्हणून आमचा वर्ग जिन्यात आला. मग शिकणारेही येईनासे झाले. बिसुनदेवने मला तिथेच ठेवले. पोरांच्या हाताशी असू दे, म्हणाला. नाल मात्र हरवेल म्हणून खिशात टाकून घरी नेली.

पुढच्या दिवाळीआधी रोनीलने जिन्यात उभे राहून बिसुनदेवला फोन केला. शेजारी कोपऱ्यात मी ऐकतच होतो. फोनमधला म्हाताऱ्याचा आवाजही मला ऐकू येत होता.

"आजा, यंदा तुम्ही प्रमुख पाहुणे. दंडतालाचा खास बेत केलाय."

"वाजवायचंय ना?"

"तुम्ही या तर! आधीच सांगितलं तर मजा काय?"

रोनीलच्या मनात वाईट काहीच नव्हते. त्याचे माझ्यावर प्रेम होते आणि तेच मला भोवले. त्याने माझे बूड जाड लोखंडी पाटावर वेल्डिंगने पक्के बसवले. अंगभर सोनेरी रंगाचे थर चढवले. डोक्यावर एक पितळी नाचरी बाहुली बसवली. नाचात पहिला येणाऱ्या गटाला हा 'बिसुनदेव चषक' मिळणार होता.

त्या संध्याकाळी बिसुनदेव पांढरा कुर्ता घालून आला. माझ्यावरचे कापड दूर झाले. तो पाहतच राहिला. मग त्याने खिशातून नाल काढली आणि मला दोन बोटांनी सैल धरायला गेला. मी हललोच नाही. त्याने मारले.

"थक्."

पुन्हा मारले. मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो, खोटे सांगत नाही. थक्. लोकांना वाटले, उद्घाटन झाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"रोनील, बेटा, याचा आवाज कुठं गेला?"

"स्पीकर आहेत की आजा! बघा तरी, कसा चमकतोय. आता तुमचं नाव कुणी विसरणार नाही."

बिसुनदेवने त्याच्या गालावरून हात फिरवला. रागवायचे तरी कुणावर? नाचाची स्पर्धा संपल्यावर त्याने मला जिंकलेल्या मुलींच्या हाती दिले. फोटोवाला ओरडला, "आजा, ती नाल जरा वर धरा!" त्याने धरली.

पुढच्या ऊसतोडीआधी तो गेला. रोनील ढसाढसा रडला. दिवाळीच्या कार्यक्रमात सगळ्यांनी माझ्यासमोर उभे राहून मौन पाळले. मीही पाळले, मला दुसरे काही येतच नव्हते. आता रोनीलही ऑकलंडला आहे. दरवर्षी कुणीतरी मला जिंकते, माझी पापी घेते आणि परत या कपाटात ठेवते. उद्या कुणी मला पाटावरून कापून काढले, तरी कुठे आणि कसे मारायचे ते सांगणारा कुणी नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे वाद्य असेल, तर त्याला हार घालू नका, रंग देऊ नका, कपाटात ठेवू नका. वाजवणारा जिवंत आहे तोवर त्याच्याजवळ बसा आणि चुकतमाकत का होईना, वाजवा. मला मात्र आता मारू नका. थक् ऐकायची मला भीती वाटते.