एक किलो कडता

मी मापाडी आहे. गावातल्या कांद्याच्या आडतीवर तेवीस वर्षं गोण्या मोजतोय. गोणी काट्यावर चढली की मी आकडा ओरडतो आणि ओरडताना त्यातला एक किलो सोडून देतो. तो बारदानाचा आणि मातीचा. त्याला कडता म्हणतात. आता कडता बंद झालाय, तसा बोर्डही भिंतीवर लागलाय. पण माझ्या जिभेला बोर्ड कोण लावणार? काट्यावर एक्कावन्न दिसले की तोंडातून पन्नासच बाहेर पडतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते मला बघूनच म्हणत असावेत.

माझी मुलगी जया आमच्या हायस्कुलात दहावीला आहे आणि मुलींच्या रस्सीखेच संघात सगळ्यात मागे उभी राहते. दोर तिच्या पाठीवरून, खांद्यावरून फिरवलेला असतो. शिरसाट सर तिला अँकर म्हणतात, पोरी खुंटा म्हणतात. पोरगी अंगानं भरलेली. लग्नाकार्यात माझी थोरली बहीण लंकाबाई चार बायकांत म्हणायची, "कान्या, ही पोरगी हाय का धान्याची कणगी?" मग जया जेवणावरून लवकर उठायची आणि मी ताटात बघत जेवत राहायचो. दोर हातात आल्यापासून मात्र ती ताठ चालायला लागली होती. दोन भाकरी खाऊन तिसरी मागायची.

तालुक्याच्या स्पर्धेआधी सर माझ्याकडे आले. ते खेळ शिकवतात आणि भूगोलही शिकवतात, कारण भूगोलाला दुसरं कोणी नाही. म्हणाले, "कानिफनाथ, आठ मुलींचं मिळून वजन चारशेच्या आत पाहिजे. शाळेच्या काट्यावर मुख्याध्यापकसुद्धा चाळीस किलोच भरतात. तुमच्या काट्यावर मोजून द्या."

मी पोरींना एकेक करून काट्यावर घेतलं. आकडे माझ्या बाजूला दिसतात, त्यामुळं मी ओरडायचो आणि सर लिहायचे. शेवटी जया चढली. काट्यानं त्रेसष्ट दाखवले. आजूबाजूला हमाल उभे होते, टेम्पोवाले रशीदभाई होते, दोन गिऱ्हाइकं होती. मी म्हणालो, "लिहा, साठ."

एकूण तीनशे सत्त्याण्णव भरले. सर खूश झाले आणि मला चहा पाजला. तो चहा मी चवीनं प्यायलो, हे सांगायला आज लाज वाटते.

स्पर्धेला रशीदभाईंच्या टेम्पोतून सगळे गेलो. मैदानावर पंचांनी आठही पोरी मोजल्या आणि कागद सरांच्या हातात ठेवला. चारशे सात. सरांचा चेहरा उतरला. पंच म्हणाले, "अर्ध्या तासात एक खेळाडू बदलून द्या, न्हाईतर संघ बाद."

पोरींनी तिथल्या तिथं आकडे ताडून बघितले. रशीदभाईंची मुलगी फलक गणितात हुशार आणि आवाजानं सगळ्या शाळेत पहिली. तिनं बोटं मोजत हिशेब लावला. "सर, समद्यांचा एकेक किलो वाढलाय. काका, तुमी कडता धरला का आमचा?"

मी मान डोलावली. काही पोरी हसल्या. मलाही वाटलं, सुटलो.

"पन जयाचे तीन कसे वाढले?" फलकनं विचारलं.

जयानं माझ्याकडं बघितलं. तीन किलोंतला एक सवयीचा होता आणि दोन लाजेचे होते, हे तिला सांगावं लागलं नाही. तिचे डोळे भरून आले. मी घाईनं बोलून बसलो, "सर, जयालाच काढा. सगळ्यात जड तीच हाय, आन चूक तिच्याच बापाची हाय."

"अण्णा," जया म्हणाली, "माझं वजन तुमी लपवलं. आता मलाच लपवताय व्हय?"

ती डोळे पुसून पंचांच्या टेबलाशी गेली. "मी जया. त्रेसष्ट किलो. मी शेवटी उभी ऱ्हानार हाय, माझ्याबिगर दोर थांबत न्हाई." मैदानभर ऐकू जाईल असं बोलली.

राखीव होती संस्कृती, चाळीस किलोची. तिला घ्यायचं तर तिच्याहून आठ किलो तरी जड पोरगी बाहेर काढायला हवी होती. फलक अठ्ठेचाळीस भरली होती. तीच पुढं आली. "मी भाईर ऱ्हाते. सरांचा घसा बसलाय, आरोळी कोन देनार? पन ट्रॉफीच्या फोटुत मी मधी." तीनशे नव्व्याण्णव. पंचांनी सही केली. मी फलकपुढं हात जोडले, तर ती म्हणाली, "काका, आता कांद्याचं तरी खरं सांगा." रशीदभाई इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

अंतिम सामना तालुक्याच्या मोठ्या शाळेशी पडला. त्यांच्या पोरींचे बूट एकसारखे, आमच्यात दोघी मोठ्या भावांचे बूट घालून आल्या होत्या. पहिला डाव त्यांनी ओढून नेला. दुसरा आम्ही घेतला. तिसऱ्याला दोर मधोमध अडकला, इकडं नाही की तिकडं नाही. संस्कृतीचे पाय घसरायला लागले. जयानं टाचा मातीत रोवल्या, पाठ मागं टाकली आणि तशीच राहिली. मी खूप वेळा गोण्यांचं वजन बघितलंय, पण वजन कशाला लागतं ते मला त्या दिवशी कळलं. फलक आरोळी द्यायची, "ओढ गं", आणि आठही जणी एकदम मागं सरकायच्या, वीतभर, मग आणखी वीतभर. शिट्टी वाजली तेव्हा जया उताणी पडली होती आणि बाकीच्या तिच्या अंगावर. खालून तिचं हसणं ऐकू येत होतं.

माझ्या शेजारी समोरच्या शाळेतल्या एका पोरीचे वडील उभे होते. ते सोबतच्या माणसाला म्हणाले, "त्या शेवटच्या पोरीनं हरवलं राव आपल्याला. किती असंल तिचं वजन?"

"असंल साठ," तो म्हणाला.

"त्रेसष्ट," मी म्हणालो. "पुरे त्रेसष्ट. माझी पोरगी हाय ती."