माझ्या बिजागऱ्यांना तेल नको

मी एका तुरुंगाचा आतला दरवाजा आहे. वय विचारू नका, मित्रांनो. अंगावरचे घाव मोजा आणि काय तो अंदाज बांधा. माझ्यामागे कैद्यांचं अंगण, माझ्यापुढे एक चिंचोळी खोली आहे आणि तिच्या पलीकडे बाहेरचा दरवाजा. आम्हा दोघांच्या मधे बसून एकच माणूस राखण करायचा. सगळे त्याला मामा म्हणत.

मामा माझ्या कुलपाला रोज तेल देत, बिजागऱ्यांना मात्र थेंबही नाही. मी हललो की असा किंचाळायचो, की बहिऱ्यानेही दचकावं. एकदा कैद्यांनी अंगणात शिपायाला लोळवून माझी किल्ली हिसकावली आणि मला ढकललं. मी ओरडलो. मामांनी खांदा लावून मला दाणकन बंद केलं. एकाची तीन बोटं माझ्यात चिरडून उंबऱ्यावर पडली. त्याची किंकाळी माझ्यापेक्षा मोठी होती. त्या दिवशी माझं फार कौतुक झालं.

मग नवे साहेब आले.

"दरवाजा आहे की डुक्कर कापताय? तेल घाला त्याला."

"साहेब, तो ओरडतो म्हणून मी जिवंत आहे," मामा म्हणाले.

"मग सरकारी तेल काय डोक्याला चोपडायला दिलंय?"

हुकूम तो हुकूम. मामांनी तेल घातलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. अंग हलकं झालं, नवरदेवासारखा मिरवू लागलो.

आठव्या दिवशी भर दुपारी मामांची मुलगी डबा घेऊन आली. मामा माझ्याकडे पाठ करून, बाहेरच्या दरवाजाच्या झडपेतून डबा घेत होते. पुन्हा कुणीतरी माझी किल्ली पळवली होती. मी उघडलो. चकार शब्द न काढता उघडलो. चौघे आत शिरले. हातात घासून धार लावलेले चमचे.

"बाबा, मागं बघा!"

मामांनी वळण्याआधी कमरेची, बाहेरच्या दरवाजाची किल्ली झडपेतून बाहेर फेकली. "घे आणि पळ, पोरी!"

पहिला वार मानेत बसला. पुढचे मोजायला कुणी भानावर नव्हतं. रक्त माझ्या तळाखालून अंगणात गेलं. बाहेर मात्र कुणालाच पडता आलं नाही.

बापाच्या जागी मुलीला नोकरी मिळाली. पहिल्याच दिवशी तिने चिंधीने माझं तेल पुसलं, बिजागऱ्यांत मूठभर रेती चोळली आणि मला ओढलं. मी किंचाळलो. साहेबांनी आपल्या कचेरीतून डोकं बाहेर काढलं, तिला पाहिलं आणि डोकं परत आत घेतलं.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, तेलपाणी करा, असं तुम्हाला सगळेच सांगतील. माझी विनंती एवढीच, की कुरकुरणाऱ्याचं तोंड बंद करण्याआधी त्याच्याजवळ बसणाऱ्याला विचारा. मी त्या दुपारी गप्प राहिलो, त्याची लाज अजून जात नाही. आता मामांची पोर मला बोटभर हलवते तेव्हाही मी जीव खाऊन ओरडतो.