टाकीतलं एक प्रेत जास्त

पिंप्राळ्याची पाण्याची टाकी चाळीस माणसांसकट आभाळात उडाली, त्याला यंदा अकरा वर्षं झाली. उडवली भिकुबाईनं, गोष्टीत, ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या घालता घालता. तेव्हापासून दर चैत्रात गल्लीतल्या बाया तिच्या गच्चीवर जमायच्या, ज्वारीचा गरम घाटा ओल्या कापडावर थापायच्या आणि टाकीची गोष्ट पुढं जायची. एका वर्षी टाकीत भूत निघालं, एकदा चोरी झाली, एकदा शनी ग्रहाच्या पोरीचं लगीन मोडलं.

यंदा धुळ्याहून भिकुबाईची नणंद आली, मंजुळाबाई. पदर खोचून म्हणाली, "टाकी आभाळमा शे ना? मंग भूत कशाले, लगीन कशाले? लढाई पाह्यजे. यंदा मी सांगसू."

भिकुबाईच्या डोक्यात तिडीक गेली. "सांगा अक्का. तुमची लढाई ऐकत बायांनी घाटा गार व्हायच्या आत पातेलं रिकामं केलं तर टाकी तुमची. कायमची."

बोलून गेली आणि जीभ चावली. पण बाया ऐकत होत्या.

अक्काची पहिली लढाई झकास झाली. बायांचे हात असे चालले की घाटा भराभर संपू लागला. दुसरी लढाई तशीच. तिसऱ्या लढाईला सारिकानं मोबाईल काढला.

"अक्का, हे राक्षस मघाशीच मेले ना?" रोशनीनं विचारलं.

"परत जित्ते व्हयनात. तू थाप."

चौथ्या लढाईत दोघीजणी पाणी प्यायला गेल्या त्या आल्याच नाहीत. घाट्यावर साय धरली, मग अर्ध्या पातेल्याचा दगड झाला. ज्वारी भिकुबाईची होती, तरी ती हाताची घडी घालून बसली.

"बठ्ठ्या आळशी शेत," सगळ्या बायांवर नजर फिरवत अक्का फणकारली. "आणि तू काय पाही ऱ्हायनी? जीभ गई का तुनी?"

भिकुबाईनं चुलीवरचं दुसरं पातेलं उतरवलं.

"लढाई संपली," ती सावकाश म्हणाली. "टाकीतली मेलेली मोजली. सतरा मेले होते. प्रेतं निघाली अठरा."

सारिकानं मोबाईल पालथा ठेवला. हात सुरू झाले.

"अठरावं कोणाचं?" एकीनं विचारलं.

"कोणी ओळखेना. धुळ्याकडची बाई दिसत होती. पदर खोचलेला, तोंड मेल्यावरही उघडंच."

बाया पदराआड हसल्या. अक्काचं तोंड लाल झालं. ती उठायला गेली, पण उठली नाही.

"कोनी मारं तिले?" दात खातच तिनं विचारलं.

"थापा आधी," भिकुबाई म्हणाली. अक्काचा हात पातेल्यात गेला.