बॉयलरचं तांबं

आमच्या ह्यांच्याबरोबर तांबं आणायला जायचं म्हणजे डोक्याला ताप. दुकानातली प्रत्येक नळी हाताळल्याशिवाय हे हलणार नाहीत, आणि तोवर माझे मेले गुडघे बोलायला लागतात.

बागेतल्या रुळांवर धावेल असं छोटं वाफेचं इंजिन ह्यांनी बांधायला घेतलंय. मागच्या डब्यावर नात बसणार. चाकं झाली, सिलिंडर झाले, आता तांब्याच्या नळीचा बॉयलर राहिला. तो फुटला तर उकळती वाफ थेट पोरीच्या अंगावर!

त्या दिवशी मात्र ह्यांनी पटकन एक पातळ नळी उचलली.

"दाबून बघ, जरा तरी वाकतेय का? कसला कडक माल आहे!"

दुकानदार म्हणाला, "काका, तुम्ही नेहमी जाड घेता."

"तू दुकान चालव. बॉयलर मी बांधतो."

नळीचे जोड चांदीचा डाग देऊन सांधायचे तर ती लालबुंद तापवावी लागते, आणि तापलं की तांबं मऊ पडतं. दुकानातल्या कडकपणावर जाऊ नका, जाडच घ्या, हे ह्यांनीच कारखान्यातल्या पोरांना ओरडून ओरडून शिकवलेलं. घरी चहा पितानाही तेच. माझे कान किटले होते.

चारचौघांत ह्यांना काय टोकायचं, म्हणून मी पैसे मोजले. घरी आल्यावर ह्यांनी नळी शिकंज्यात आवळली, करवत उचलली, तेव्हा मात्र राहवलं नाही.

"अहो, तापवल्यावर ही मऊ पडेल ना?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काही नाही. तुम्हीच सांगायचात."

"माझ्या कामात नाक खुपसू नकोस!"

"खुपसणार! माझी नात बसणार आहे त्याच्या मागे!"

मला खोटं पाडायला म्हणून ह्यांनी तावातावानं बर्नर पेटवला. नळीचं टोक लाल केलं, पाण्यात बुडवलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. कड मुकाट आत गेली.

हे त्या दबलेल्या कडेकडे बघत उभे राहिले. त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.

"हे मला ठाऊक होतं गं," हे म्हणाले.

"होतंच की."

"मग आज कसं...?" ह्यांनी बर्नर बंद केला. "आणखी काय काय विसरायला लागलोय मी?"

गॅस चालू राहिलेला, बाजारातून येताना चुकलेला रस्ता, लेकीला स्वतःच्या बहिणीच्या नावानं मारलेली हाक. सगळं माझ्या जिभेवर आलं. मला भीती वाटत होती, भयंकर भीती.

"काही नाही हो. एवढंच."

"नक्की?"

"नक्की."

ह्यांचा जीव भांड्यात पडला. हसलेसुद्धा. लग्न झाल्यापासून माझी एकही थाप ह्यांच्यापुढे टिकली नव्हती. ही टिकली.