गोष्ट कोणाकडून ऐकली?

फॉर्म शाळेतून परत आला तेव्हा त्यावर लाल शाईचं एकच वर्तुळ होतं, आणि ते वलीचाचांच्या नावाभोवती होतं.

दुबईतल्या कुसैस भागातल्या त्या शाळेत चौथीच्या मुलांची कथाकथनाची स्पर्धा होती. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या एका बेटावरून आयलीन नावाच्या बाई पाहुण्या म्हणून येणार होत्या. त्यांचं काम गोष्टी सांगणं, तेही कागद न धरता. त्यांच्यासमोर मुलांनी स्कॉटलंड-आयर्लंडच्या किनाऱ्यावरची एकेक लोककथा सांगायची होती. ‘गोष्ट कुठून घेतली’ या रकान्यात बाकीच्यांनी पुस्तकं लिहिली, वेबसाइट लिहिल्या. कावेरीनं लिहिलं होतं: वलीचाचा, नाटूर, आमची बिल्डिंग, अल नहदा. शेजारी लाल अक्षरांत शेरा होता, ‘योग्य सोर्स लिहावा. पालकांनी येऊन भेटावं.’

“व्हॉट्स राँग विथ इट, मम्मा?” कावेरी विचारत होती. “ही टोल्ड मी. यू वर देअर!”

होती ना. विनिता रोज तिथे होती.

नाटूर म्हणजे बिल्डिंगचा राखणदार. वलीचाचा मूळ हर्णैचे. एकवीस वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी होते, मग गुडघा गेला आणि ते शेजारच्या शारजातल्या, अल नहदाच्या या अठरा मजली टॉवरच्या काचेच्या दाराशी येऊन बसले. पहाटे पावणेसहाला सात-आठ पोरं दप्तरं घेऊन लॉबीत उतरायची. बस दुबई-शारजा बॉर्डरच्या ट्रॅफिकमध्ये नाहीतर धुक्यात अडकलेली असायची. बाकीच्या आया पोराला लिफ्टमध्ये घालून परत झोपायला जायच्या. विनिता खाली यायची, समोरच्या बाकावर चहाचा मग घेऊन बसायची आणि बघत राहायची. साठीचा एकटा माणूस, बायको-मुलं तिकडे गावाला, आणि भोवती आठ-दहा वर्षांची पोरं. पालकांच्या ग्रुपवर जे जे येतं ते सगळं ती वाचत असे. त्यांचा हात कुठे आहे, कोणती पोरगी किती जवळ बसली आहे, चॉकलेट वगैरे काही देतात का, हे सगळं ती डोळ्यात तेल घालून पाहायची. चाचा कधी काही देत नसत. खुर्चीवरून उठतसुद्धा नसत. हात काठीच्या मुठीवर, आणि गोष्ट.

तीही फक्त थंडीत आणि सूर्य उगवायच्या आत. “उजेडात गोष्ट सांगणं बरं नव्हं, असं कॅलम बोलायचा,” ते म्हणायचे. कॅलम हा त्यांच्या जहाजावरचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम. बेटावरचा स्कॉटिश म्हातारा. सुरुवात रोज सारखीच असे.

“ऐका. ही गोष्ट मला कॅलम बोसननी सांगितली. त्याला त्याच्या आजीनी, पेगीनी. पेगीला गावच्या जाळी विणणाऱ्या आंधळ्या डोनाल्डनी. डोनाल्डला कोणी सांगितली ते पेगीला ठाऊक नव्हतं, म्हणून मलापण नाही.”

मग गोष्ट.

“त्या बेटावर बुडणाऱ्याला कोणी हात द्यायचा नाही. दर्याला त्याचा वाटा लागतो. त्याच्या तोंडातला घास तुम्ही काढलात, तर तो तुमचा घास घेणार. पण एक होता इयन. त्यानं एका परक्या माणसाला केसाला धरून होडीत ओढला. झालं! आई ऊर बडवायला लागली. गावात कोणी त्याच्या होडीत बसेना. मग इयननी होडी विकली आणि तीन टेकड्या ओलांडून आत घर बांधलं. तिथं लाटेचा आवाजपण येत नव्हता. सात वर्षं मेंढरं राखली. मासा खाल्ला नाही की मीठ खाल्लं नाही. आठव्या वर्षी बटाट्याच्या वाफ्यात खत पाहिजे म्हणून त्याच्या बायकोनी किनाऱ्यावरून टोपलीभर ओलं शेवाळ आणलं आणि दारात ओतलं. काळोखात इयनचा पाय सरकला, तो तोंडावर पडला. सकाळी बघतात तर नाकातोंडात खारं पाणी. ओंजळभर. तेवढा दर्या त्याला पुरला.”

कावेरी लगेच, “बट चाचा, डिड ही डू समथिंग राँग?”

“ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं, बेटा. यल्ला, चला, बस आली.”

त्यावर ती पोरं तीन दिवस बसमध्ये भांडत होती. हीच गोष्ट कावेरीला स्टेजवर सांगायची होती.

कोऑर्डिनेटर क्रिस्टिना मिस वसईच्या. विनिताचं आडनाव वाचून त्या लगेच मराठीत आल्या.

“बसा ना. आपल्या माणसाला बघून किती बरं वाटतं! अहो, काही मोठं नाहीये. नेटवर अशा शंभर गोष्टी आहेत. एखादी लिंक टाका, खलास.”

“पण तिनं ती लिंकवर वाचलेली नाही.”

“नसू दे. प्रोग्रॅम छापून येणार, गेस्ट येणार, पेरेंट्स येणार. त्यात वॉचमन असं कसं लिहायचं?”

क्रिस्टिना मिसच्या पाठीमागे, भिंतीवर, आयलीनबाईंचं मुलांना आलेलं पत्र मोठं करून लावलं होतं. भोवती कागदी लाटा. विनितानं ते मोठ्यानं वाचलं. “‘आमच्याकडे सांगणारा आधी हे सांगतो की गोष्ट त्याला कोणी दिली. ते न सांगता सुरू केलेली गोष्ट कोणी ऐकून घेत नाही.’ हे तुम्हीच चिकटवलंय ना, मिस? की फक्त लाटा छान दिसतात म्हणून?”

“अहो, ते तिकडचं झालं...”

“समजा, कोणी ‘माझे आजोबा, निवृत्त कॅप्टन’ असं लिहिलं असतं. मारलं असतं तुम्ही लाल वर्तुळ?”

क्रिस्टिना मिसनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं. “चिडू नका. तुमच्याच भल्याचं सांगते. वॉचमन रोज मुलींना गोष्टी सांगतो हे माझ्याकडे लेखी आलं की सेफ्टीचा नियम लागतो. मला बिल्डिंगच्या मॅनेजमेंटला मेल करावंच लागेल. लिंक लिहिलीत तर तो माणूस कागदावर येतच नाही. त्याचंही भलं.”

“मेल गेलं तर त्याला काढून टाकतील. नोकरीबरोबर व्हिसाही जाईल.”

“ते त्यांचं ते बघतील.”

“काढतील कशासाठी पण? केलंय काय त्यानं?” विनिताचा आवाज बाहेर कॉरिडॉरपर्यंत गेला. “कोणाची तक्रार आहे? नाव सांगा मला. एकीचं तरी नाव सांगा!”

क्रिस्टिना मिसनी मॉनिटर तिच्याकडे फिरवला. “तुमचीच आहे.”

नऊ नोव्हेंबरचं मेल. बस उशिरा येते म्हणून तिनंच क्लास टीचरला लिहिलेलं. आणि शेवटी दोन ओळी: ‘बिल्डिंगचा वॉचमन मुलांशी गरजेपेक्षा जास्त बोलतो. मला ते ठीक वाटत नाही.’ टीचरनी बसबद्दल तेवढं उत्तर दिलं होतं आणि ती हे विसरून गेली होती. लॉबीतल्या गोष्टी सुरू झाल्या त्या पहिल्याच आठवड्यात लिहिलेलं. तेव्हा तिनं त्यांची एकही गोष्ट नीट ऐकलेली नव्हती.

तिनं त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या.

“उद्या बारापर्यंत फॉर्म द्या,” क्रिस्टिना मिस हळूच म्हणाल्या. “मलाही वर कोणीतरी आहे हो.”

टॅक्सीतून तिनं नवऱ्याला, निनादला, फोन लावला. तो जबल अलीच्या गोदामात होता, मागे फोर्कलिफ्टची पीं पीं चालू होती.

“लिंक लिही ना, विनी. त्याची नोकरी राहते, आपली कावेरी स्पर्धेत राहते. कोणाचं काय बिघडतंय?”

“त्यांचं बिघडतंय. माझ्या त्या दोन ओळी तिथेच राहतात.”

“कोण वाचतंय त्या?”

“आज मी वाचल्या ना!” तिनं फोन कट केला. ती त्याच्यावर चिडली होती, क्रिस्टिनावर चिडली होती, लिफ्टमध्ये पोरं घालून झोपायला जाणाऱ्या बायकांवर चिडली होती. पण या सगळ्यांनी मिळूनही ते मेल लिहिलेलं नव्हतं. आणि उपाय इतका सोपा, इतका सगळ्यांच्या सोयीचा होता, याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला होता.

लॉबीत वलीचाचा काच पुसत होते.

“काय भाभी, आज टॅक्सीनी? सगळं ठीक ना?”

तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फॉर्म, लिंक, मॅनेजमेंट. मग तिला तिथेच थांबता आलं असतं, पण तिनं मेलचंही सांगितलं. शब्दन् शब्द, कारण ते आता पाठच झाले होते.

चाचांचा फडक्याचा हात काचेवर तसाच राहिला. नाटूरच्या खोलीतल्या रेडिओवर कोणीतरी क्रिकेटचा स्कोअर सांगत होतं. ते म्हणाले, “मला वाटायचं, तुम्हाला गोष्ट आवडते म्हणून बसता.”

“नंतर आवडली. आधी... नाही.”

“मलापण मुली आहेत, मॅडम. दोन.”

भाभीची मॅडम झालेली तिला नीट ऐकू आली.

“तुम्ही सांगाल तसं करते, चाचा. नोकरी तुमची आहे. लिंक लिहिली तर मेल जाणार नाही.”

“लिंक?” ते एकदम भडकले. फडकं बादलीत आपटलं. “आणि ती पोरगी स्टेजवर काय बोलेल? कॅलमचं नाव घेईल, पेगीचं घेईल, आणि मग? कॅलमच्या तोंडातून गोष्ट उडत उडत अल नहदात आली? मधे कोणीच नाही? काही केलं असतं तर लपलो असतो मी. केलं नाही, तर लपू कशाला? लिहा नाव. आणि नाटूर पण लिहा. चोरी केलीय काय मी नाटूर होऊन?”

“आणि मेल गेलं तर?”

“जाऊ दे जायचं तर. पण तुमचं ते जुनं वालं आहे ना, ते असं एकटं नाही जायचं. त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा.” ते बादली उचलून, लंगडत आत गेले.

विनितानं त्या दुपारी जेवण केलं नाही. डायनिंग टेबलावर बसून तिनं मेल लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आधी त्यात क्रिस्टिना मिसना खूप काही सुनावलं होतं, ते सगळं तिनं काढून टाकलं. सुनावण्यात तिचंच लपणं चाललं होतं. उरल्या त्या मोजक्याच ओळी. मग शाळेला आणि बिल्डिंगच्या ऑफिसला, दोघांनाही एकदमच पाठवून दिलं, स्वतःचा फ्लॅट नंबर आणि फोन नंबर घालून. फॉर्म तसाच, वर्तुळासकट, कावेरीच्या दप्तरात ठेवला.

निनाद घरी आल्यावर त्यानं ते वाचलं आणि म्हणाला, “हे भारी आहे, पण फार आहे.” ती म्हणाली, “कमी आहे.”

दुसऱ्या दिवशी एकला उत्तर आलं. दोन ओळी. ‘तुमचं म्हणणं नोंदवलं आहे. सोर्स दिला आहे तसा प्रोग्रॅममध्ये छापला जाईल.’ माफी नाही, चूक नाही, काही नाही. बिल्डिंगच्या ऑफिसनं तर नुसतं ‘पोचलं’ एवढंच लिहिलं.

ती फोन घेऊन खाली गेली. चाचा खुर्चीत बसले होते. तिनं शाळेचं उत्तर वाचून दाखवायला सुरुवात केली तर त्यांनी हातानं थांबवलं.

“त्यांचं राहू द्या. तुम्ही काय लिहिलं ते वाचा. मराठीत.”

विनितानं वाचलं. इंग्रजीतून मराठी करत करत, अडखळत. “‘नऊ नोव्हेंबरला मी श्री. वली यांच्याबद्दल जे लिहिलं ते चूक होतं. त्याला काहीही आधार नव्हता. ते गरीब आहेत, एकटे राहतात आणि दारावर बसतात, एवढ्यावरून मी ते लिहिलं. त्यानंतर चाळीसहून जास्त सकाळी मी त्यांच्यासमोर दहा फुटांवर बसले, ते त्यांच्यावर पाळत ठेवायला. म्हणून मी खात्रीनं सांगू शकते की त्यांनी मुलांना गोष्टींशिवाय दुसरं काही दिलेलं नाही. माझी मुलगी त्यांचं नाव घेऊनच गोष्ट सांगेल. माझी आधीची तक्रार कोणीही, कधीही वापरली, तर हे पत्र तिला जोडावं.’”

लिफ्टमधून चौथ्या मजल्यावरच्या बाई भाजीच्या पिशव्या घेऊन बाहेर आल्या आणि दोघांकडे बघत उभ्या राहिल्या. विनितानं फोन खाली केला.

चाचांनी त्या बाईंकडे पाहिलं, मग विनिताकडे. काठी दोन्ही हातांनी धरून ते खुर्चीत सरळ बसले.

“परत वाचा, मॅडम,” ते म्हणाले. “जरा मोठ्यानं.”