निळी खिडकी, तपकिरी खिडकी

मिठूचं ऑफिस म्हणजे जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा. तिथे बसून ती लांबच्या माणसांची कामं करायची. त्यांच्या भेटी ठरवायच्या, पत्रांना उत्तरं द्यायची. लॅपटॉपवर प्रत्येकाची खिडकी वेगळ्या रंगाची: निळी दातांच्या डॉक्टरबाईंची, तपकिरी फर्निचरवाल्यांची. दोन अक्षरं टाइप केली, की अख्खं नम्र वाक्य आपोआप उमटायचं. या कामाचं पथ्य एकच, इकडचं तिकडे सांगायचं नाही. आपण आणखी कुणाकडे काम करतो, हेसुद्धा नाही.

घोटाळा झाला तो डॉक्टरबाईंना दवाखान्यात नवी कपाटं हवी झाली तेव्हा. त्यांनी नेमके हेच फर्निचरवाले निवडले आणि मिठूला सांगितलं, "माप घ्यायला कधी येतात, ते त्यांच्या असिस्टंटला विचार."

खरं तर तेव्हाच सांगून टाकायचं. पण ही दुसऱ्याच्या बाजूची, असं एकालाही वाटलं असतं तर दोन्ही कामं हातची गेली असती. आणि मिठूकडे कामं होती तीच दोन. म्हणून तिनं निळ्या खिडकीतून विचारलं आणि तपकिरी खिडकीत जाऊन स्वतःलाच उत्तर दिलं, "साहेब सध्या अत्यंत व्यग्र आहेत, क्षमस्व."

साहेब व्यग्र वगैरे काही नव्हते. ते बोलून निरोप पाठवायचे, मिठू लिहून उत्तर द्यायची; तिचा चेहरा की आवाज त्यांना ठाऊक नव्हता. हल्ली त्यांचा आवाज तोंडात बोळा कोंबल्यासारखा यायचा. "शांग त्यांना, मी गावाला गेलोय." दाढ ठणकत होती, आणि दातांच्या दवाखान्याची पायरी चढायच्या कल्पनेनंच त्यांना घाम फुटत होता. मिठूनं ओळखलं, पण पथ्य म्हणजे पथ्य.

शेवटी डॉक्टरबाई वैतागल्या. "उद्या व्हिडिओवर बोलव त्या दोघांना. कॅमेरा चालू ठेवा म्हणावं. कोण एवढी शहाणी असिस्टंट आहे, बघतेच मी!"

मिठूनं आईला गाठलं. आई प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली.

"आई, उद्या तू फर्निचरवाल्यांची असिस्टंट."

"मला गं काय कळतंय त्यातलं?"

"'बघते आणि कळवते', एवढंच म्हणायचं."

"ते तर मी तुझ्या बाबांना रोजच म्हणते."

दुसऱ्या दिवशी आई फोन घेऊन आतल्या खोलीत बसली. घरची भिंत ओळखू येऊ नये, म्हणून मिठूनं तिच्यामागे पुस्तकांच्या कपाटाचं चित्र लावून दिलं. सॉफ्टवेअरनं भिंतीबरोबर आईचा निम्मा अंबाडाही गिळून टाकला.

"माप घ्यायला कधी येताय?" डॉक्टरबाईंनी थेट विचारलं.

"जरा गावाला..." फर्निचरवाले पुटपुटले.

आईला राहवलं नाही. "हे बघा, शाळा चुकवणाऱ्याचं नेहमी काहीतरी दुखत असतं. तुमचं काय दुखतंय?"

"अहो, तुम्ही माझ्या बाजूच्या ना?"

एवढ्यात घरातला बोका मिठूच्या चौकटीत टेबलावर चढला, कॅमेऱ्यासमोर शेपटी फिरवून निघून गेला, आणि जरा वेळानं आईच्या चौकटीत, पुस्तकांच्या कपाटातून, अर्धाच बाहेर आला. तोच फाटका कान, गळ्यात तीच लाल घंटी.

"हा आत्ता तिकडे होता!" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तो असाच भटकतो मेला," आई म्हणाली.

मिठूनं कॅमेऱ्यासमोर हात जोडले. "दोन्हीकडची असिस्टंट मीच आहे. ती माझी आई. पण तुमचं त्यांना सांगितलं नाही आणि त्यांचं तुम्हाला."

"म्हणजे 'क्षमस्व' लिहिणारीही तूच, आणि त्यावर माझ्यातर्फे 'हे अजिबात चालणार नाही' म्हणणारीही तूच?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हो. ते वाचून मला माझाच राग आला होता."

फर्निचरवाले खो खो हसले आणि "आई गं!" म्हणत त्यांनी गाल धरला. डॉक्टरबाई कॅमेऱ्यापाशी वाकल्या.

"तोंड उघडा बघू."

"नको."

"उघड!" आई कडाडली. त्यांनी मुकाट्यानं उघडलं.

"हे तुला माहीत होतं?" डॉक्टरबाईंनी मिठूला विचारलं. तिनं खाली मान घातली. "आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस? मग माझंही कुणाला सांगणार नाहीस. राहा."

"माझ्याकडेही राहू दे," गाल धरूनच फर्निचरवाले म्हणाले. "माझ्यासाठी इतकं खोटं दुसरं कोण बोलणार?"

कॅलेंडरनं दोघांची मोकळी वेळ शोधली. उद्या सकाळी दहा. आधी दाढ, मग माप.

सकाळी तपकिरी खिडकीत निरोप आला, "त्यांच्या असिस्टंटला शांग, मला गावाला जावं लागतंय."

मिठूनं चहाचा घोट घेतला आणि टाइप केलं, "आत्ताच बोलले त्यांच्याशी. फार खडूस बाई आहे, काही ऐकत नाही. तुम्ही निघाच."