तिसरा रकाना

आमच्या गिरगावातल्या वाडीत बदामाचं झाड ठेवायचं की तोडायचं, यावर दोन आठवडे भांडण चाललं होतं. शेवटी मीच नोटीस बोर्डावर कागद लावला. 'झाड हवे', 'झाड नको', असे दोन रकाने. जिकडे सह्या जास्त, तसा अर्ज सोमवारी पालिकेत जाणार होता.

शनिवारी सकाळी 'नको'खाली अकरा सह्या होत्या, 'हवे'खाली नऊ. वरच्या मजल्यावरच्या कमलताई आणि तळमजल्यावरचे चिंतामणराव एकमेकांची तोंडं बघेनात.

"या बाईंना पर्यावरण कशाशी खातात ते तरी ठाऊक आहे का?" चिंतामणराव मला विचारत होते.

"आणि ह्यांना माणसांपेक्षा झाड मोठं!" गॅलरीतून उत्तर आलं.

माझ्याकडे शिकवणीला येणारी पाचवीतली रुचा कागद वाचत उभी होती. "आजोबा, गणितात नुसतं उत्तर लिहिलं की तुम्ही मार्क कापता. इथे रीत कुठाय?"

चाळीस वर्षं मी मुलांना रीत लिहायला लावली, आणि मोठ्या माणसांना नुसतं उत्तर विचारून मोकळा झालो होतो. मी पेन तिच्या हाती दिलं. तिने तिसरा रकाना आखला, वर 'का?' लिहिलं आणि कागद घेऊन दारोदार फिरली.

संध्याकाळी सगळे बोर्डाभोवती जमले. चिंतामणरावांनी लिहिलं होतं, 'दुपारी खोली तापते, झाडाखाली पेपर वाचतो.' कमलताईंनी लिहिलं होतं, 'पानांनी पन्हळ तुंबते, पावसाचं पाणी माझ्या ओट्यावर गळतं.' आणि 'नको'वाल्या सात जणांचं एकच कारण: 'कमलताईंचे हाल बघवत नाहीत.'

"अहो, मग पन्हळीचं बोलायचं ना!" चिंतामणराव म्हणाले.

"विचारलं कुणी? कागदावर झाडच होतं." कमलताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसायला घेतला. "सावली तुमची नि पाणी माझ्या घरात. ह्यां बरां!" रागात त्यांची मालवणी बाहेर आली.

रविवारी चिंतामणराव कमलताईंच्या गॅलरीत स्टुलावर चढून पन्हळीतली पानं बादलीत भरत होते.

"तो कोपरा राहिला, नीट बघा," कमलताई स्टूल धरून खालून म्हणत होत्या. साफ झाल्यावर पन्हळीवर जाळी बसवली. मग चहा झाला, दोनदा.

अर्ज गेला नाही. बोर्डावर आता पन्हळ साफ करायच्या पाळ्यांचा कागद आहे. पहिलं नाव चिंतामणरावांचं. रुचाने तिथेही 'का?'चा रकाना ठेवलाय. त्यात त्यांनी लिहिलंय, 'पेपर वाचायचा आहे.'